एकोणीस चार्जर आणि आबांचा कान

आमच्या घरात माणसं चार होती, मोबाईल चार होते आणि चार्जर तेवीस होते.

हे मला मोजल्यामुळे कळलं. मी मोजते. भोरच्या एका शाळेच्या कार्यालयात चोवीस वर्षं काम केल्यावर बाईला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या याद्या फ्रिजवर असतात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या असतात, आणि कुठली यादी कुठे आहे याची एक यादी पर्समध्ये असते. (माझा नवरा विलास म्हणतो, की सप्तपदीच्या वेळीसुद्धा मी पावलं मोजत होते. मोजत होते. सातच भरली.)

तर तेवीस चार्जर. टीव्हीखालच्या खणात त्यांचा असा गुंता झाला होता, की एक ओढला की पाच बाहेर यायचे आणि हवा तो आतच राहायचा. दहा-बारा वर्षांत घरातून जे जे मोबाईल गेले, ते आपली शेपटी मागे ठेवून गेले होते. बारीक पिनचे, जाड पिनचे, चपटे, गोल. एकाची पिन तर इतकी विचित्र होती, की ती नेमकी कशात घालायची हे त्याच्या कंपनीलाही आता आठवत नसेल.

विलासनं नवा मोबाईल घेतला, तेव्हा बाजारपेठेतला दुकानदार म्हणाला, "ताई, आता सगळ्याला एकच वायर. सी टाइप. मोबाईल, टॅब, हेडफोन, दाढीचं मशीन, काय म्हणाल ते. कंपन्यांना आता तसंच करावं लागतंय."

मला गहिवरून आलं. एका गोष्टीला एक जागा आणि एका कामाला एक वस्तू, हे मी चोवीस वर्षं सांगत होते. घरात कुणी ऐकलं नाही, पण जगानं ऐकलं! "फार चांगलं झालं," असं मी त्या दुकानदाराला दोनदा म्हणाले. ते दोनदा म्हणणं पुढे मला भोवणार होतं.

घरी आल्याबरोबर मी 'एक घर, एक वायर' ही मोहीम जाहीर केली. फ्रिजवर नोटीस लावली: येत्या रविवारपर्यंत ज्या चार्जरवर कुणी हक्क सांगणार नाही, तो चार्जर घराबाहेर जाईल. खाली सर्वांच्या सह्या घेतल्या. विलासनं न वाचता सही केली. आमच्या मुलीनं सही केली आणि ती पुण्याला होस्टेलवर निघून गेली. माझे सासरे, म्हणजे आबा, वय वर्षं एक्याऐंशी, निवृत्त मास्तर. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, लाल पेनानं शेवटी एक पूर्णविराम दिला, मग सही केली.

हक्क कुणीच सांगितला नाही. मी चार नव्या, अगदी एकसारख्या वायरी आणल्या, त्यांना चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, त्या खोचायला जुन्यांतले चार चार्जर ठेवले आणि बुधवारी सकाळी पिशवी घेऊन खोलीखोलीतून फिरले. आबांच्या पलंगामागे दोन काळे चार्जर भिंतीला लागलेले होते. एक त्यांच्या मोबाईलचा, हे मला माहीत होतं. दुसराही त्याचाच असणार, असं मी धरून चालले. (म्हातारं माणूस, एक बिघडला तर असावा म्हणून दुसरा ठेवला असेल, मीही ठेवला असता.) दोन्ही काढून पिशवीत टाकले, त्या जागी 'आबा' अशी चिठ्ठी लावलेली नवी वायर अडकवली आणि जरा मागं सरकून बघितलं. भिंत इतकी सुंदर दिसत होती, की मी तिचा फोटो काढला.

त्याच दुपारी भाटघरहून थोरले दीर आले. ते शेती बघतात. काकड्या द्यायला आले होते, दारातली पिशवी बघून थांबले.

"टाकताय व्हय? द्या हिकडं. कायतरी कामाला येत्याल."

मी वहीत लिहिलं, 'जुने चार्जर १९, भाटघर' आणि पुढे बरोबरची खूण केली. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. शनिवारच्या रात्रीचीही झोप त्याच रात्री वापरली गेली असावी.

शनिवारी सकाळी सातला आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तळहात पुढे केला होता आणि तळहातावर त्यांचे दोन्ही कान होते.

आबांना कानाच्या मशीनशिवाय काहीही ऐकू येत नाही. थोडंसुद्धा नाही. मशीन तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेलं. रात्री दोन्ही कान एका छोट्या डबीत ठेवायचे, सकाळी ते चार्ज होऊन निघतात. डबीला स्वतःची बॅटरी असते आणि ती तीन दिवस पुरते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी बोटांवर मोजलं. तिन्ही भरले होते.

"सूनबाई, डबीचा दिवा लागत नाही," आबा म्हणाले. कानात मशीन नसलं, की आबांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका होतो. शेजारचे दोन दरवाजे उघडले. "डबीची वायर कुठंय?"

मी त्यांची नवी वायर पुढे केली. डबीचं भोक गोल, दाभणाच्या टोकाएवढं. वायरीचं तोंड चपटं. तरी मी ती दाबून बघितली. मग उलटी करून दाबली. मग जराशी तिरपी. माणूस घाबरला की किल्ली चुकीची आहे हे कळूनसुद्धा कुलूप हलवत राहतो, तसं.

आता दुसऱ्या दिवशी, रविवारी, काय होतं ते सांगायला हवं. वेल्ह्याकडच्या एका डोंगरातल्या गावात आबांनी अकरा वर्षं शाळा चालवली होती. तिथल्या पोरांनी (पोरं म्हणजे आता साठीची माणसं) आबांचा सत्कार ठेवला होता, रविवारी सकाळी दहाला. आबांनी सदरा आठवडाभर आधीच इस्त्री करून खुंटीला लावला होता. गेल्या हिवाळ्यात मशीन घरी विसरून ते एका शोकसभेला गेले होते आणि समोरच्याचे ओठ थांबले की टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही सभेला जायचं बंद केलं होतं. या सत्काराला मात्र त्यांनी हो म्हटलं. का, ते त्यांनी मला भाजी निवडताना सांगितलं होतं. "अकरा वर्षं मी बोललो आणि त्यांनी ऐकलं. आता एक दिवस ती बोलतील, मी ऐकणार."

आणि त्यांचं ऐकणं मी पिशवीत भरून भाटघरला पाठवलं होतं.

मी तीन कामांची यादी केली. पहिलं, पुण्याच्या दुकानाला फोन. ते म्हणाले, त्या मॉडेलचा चार्जर मागवावा लागेल, आठ दिवस. दुसरं, बाजारपेठ. तोच दुकानदार. त्यानं डबी उलटसुलट करून बघितली. "ताई, जुन्या पिना आम्ही ठेवतच नाही आता. तुम्हीच म्हणाला होता ना, फार चांगलं झालं म्हणून." वर म्हणाला, की दुसऱ्या कुठल्या चार्जरची पिन बसली तरी लावू नका, मागचे आकडे जुळले नाहीत तर कान जळतील. तिसरं, विलासला मोटारसायकलवर कापूरहोळला पिटाळलं, तिथं दुरुस्तीची दुकानं बरीच आहेत. तिथला एक जण म्हणाला, डबी फोडून आत दोन तारा जोडून देतो, लागली तर लागली. विलास डबी छातीशी धरून परत आला. येताना वडापाव मात्र आणले होते.

राहिली फक्त भाटघरची पिशवी. तिचा विचार मी सकाळपासून मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण आपली चूक आहे हे लोकांना सांगण्याआधी माणूस तिन्ही लोक हिंडून येतो. मी थोरल्या जाऊबाईंना, कमलवहिनींना, फोन लावला.

"वहिनी, बुधवारच्या पिशवीतले चार्जर आहेत ना?"

"हायेत की. लई कामाला आलं बघ. एक बी वाया ग्येला न्हाई."

"कामाला म्हणजे? काय केलंत त्यांचं?"

"ये की बघाया. माजी धार काढायची ऱ्हायलीया," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गाडीत आबाही बसले. घरी थांबा म्हणून सांगायची सोय नव्हती, त्यांना ऐकू येत नव्हतं. मी वहीवर लिहून दाखवलं: 'एक, आपण भाटघरला जातोय. दोन, चार्जर तिथे आहे. तीन, काळजीचं कारण नाही.' आबांनी वही घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि तिसऱ्या ओळीपुढे लिहिलं, 'हे तू स्वतःसाठी लिहिलेलं दिसतं.'

कमलवहिनी आम्हाला घराच्या मागं घेऊन गेल्या. मागं त्यांचा पडवळाचा मांडव आहे. पडवळ ज्यांनी लावलंय त्यांना ठाऊक असेल, की ते मोकळं सोडलं तर वेटोळं घालून बसतं. म्हणून ते कोवळं असताना त्याच्या टोकाला सुतळीनं एक दगड बांधतात. दगडाच्या ओझ्यानं पडवळ सरळ वाढतं. सगळीकडे असंच करतात.

वहिनींच्या मांडवाला एकोणीस पडवळं लोंबत होती. प्रत्येकाच्या टोकाला एक चार्जर होता.

वाऱ्यावर ते सगळे मिळून संथ हलत होते. पांढरे, काळे, एक गुलाबी. आमच्या घराचा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास तिथं टांगलेला होता.

"दगुड सटाकतो गं," वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "आनि सुतळी टोचती. ह्याला कसं, वजान बी हाय आनि आयती दोरी बी हाय. आन समदी येकाच वजनाची."

चार दिवस पावसानं उघडीप दिली होती, एवढंच माझं नशीब. मी म्हटलं, "वहिनी, यातला एक आबांच्या कानाचा आहे. तेवढा सोडून द्या."

"कंचा?"

मी वही उघडली. माझ्या यादीत लिहिलं होतं, 'काळे, किरकोळ: ९'. एवढंच. बाकी दहा चार्जरांचं वर्णन मी रंग, लांबी, पिन, सगळं लिहिलेलं होतं. आणि जो एक हवा होता, तो मी किरकोळमध्ये टाकला होता.

वहिनींनी वर एक अट घातली. सोमवारी पडवळं बाजारात जायची होती, तेव्हा कुणाचंही वजन उगीच काढायचं नाही, एखादं वाकडं झालं तर घेणार कोण? आधी हाच आहे हे ठरवायचं, मग सोडायचा. ही अट इतकी शिस्तीची होती, की मला नाही म्हणता येईना. मी असते तर हेच सांगितलं असतं.

मग विलास आणि मी मांडवाखाली ओणवे होऊन एकेक काळा चार्जर तपासू लागलो. वहिनींनी पिनांच्याच बाजूनं गाठी मारल्या होत्या, त्यामुळे पिन बघायला गाठ सैल करायची आणि वरचं पडवळ दुखावू द्यायचं नाही. नऊपैकी पाच चपट्या पिनांचे निघाले. राहिले चार. पहिल्याची पिन गोल, पण जाड. दुसऱ्याची बसली! पण डबीवर पाच आकडा आणि चार्जरवर नऊ. आबांनी खिशातलं भिंग काढून दोन्ही आकडे वाचले आणि मान हलवली. कान जळतील, असं म्हणणारा दुकानदार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

तिसऱ्याला पिनच नव्हती. वायर मध्येच कापलेली होती.

"ती व्हय," वहिनी म्हणाल्या, "लई लांब व्हती. भुईला लागत व्हती. म्हनून इळ्यानं तोडली."

मी कापलेल्या टोकाकडे बघत राहिले. तोच आबांचा असेल, तर संपलं. उद्या सकाळी दहाला आबा हार घालून बसतील आणि समोरच्याचे ओठ थांबले की टाळ्या वाजवतील. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वहिनींचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता, आणि वहिनी काय म्हणाल्या ते वहीत लिहून दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती.

चौथ्याची पिन बसली. आकडा पाच. आबांनी भिंगातून बघितलं, डबीवर पाच. पुन्हा बघितलं. मान होकारार्थी हलवली.

विलासनं गोठ्यातून लांब वायरीचा बोर्ड ओढून आणला आणि दुधाच्या उपड्या कॅनवर ठेवला. चार्जर पडवळाला, पडवळ मांडवाला, असं सगळं जागच्या जागी ठेवून मी चार्जर बोर्डात खोचला. पडवळ ताणलं गेलं, पण तुटलं नाही. आबा खाली पाटावर बसले, तीर्थ घ्यायला बसावं तशी ओंजळ करून, आणि ओंजळीत डबी. मी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

मी बटण बंद करून पुन्हा दाबलं. पिन काढून फुंकर मारली. पुन्हा दाबलं. आबांनी डबी कानाला लावून बघितली, जणू ती काही बोलेल. मग तिच्यावर हळूच टिचकी मारली, आणि मला वाटलं, आता मी इथंच मांडवाखाली बसून रडणार.

"वैशाली," विलास म्हणाला, "गोठ्यातला बल्ब मघाशी लागलेला होता ना?"

लाईट गेली होती.

सव्वा तास आम्ही पडवळांखाली बसून होतो. उठायचं धाडस कुणी केलं नाही, कारण काही हललं तर काही तुटेल अशी मला भीती आणि माझ्या भीतीची बाकीच्यांना. वहिनींनी चहा तिथंच आणून दिला. मी वहीत, हा चार्जरही मेलेला असला तर काय काय करायचं, याची यादी करायला घेतली. एक आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे काही सुचलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

मग गोठ्यातला बल्ब लागला आणि त्याच क्षणी डबीवर बारीकसा लाल दिवा. आबांनी हात वर करून पडवळाला दोनदा थोपटलं.

सोडवताना गाठ काही सुटेना. मी वायर खेचू लागले, तशी वहिनींनी माझ्या हातावर चापट मारली, विळा आणला आणि पडवळच टोकाशी, वीतभर वर कापलं. "म्हाताऱ्याच्या कानापरीस पडवाळ म्हाग हाय व्हय? घ्या."

घरी येऊन डबी लावली. झोपेपर्यंत दर अर्ध्या तासानं मी लाल दिवा बघून येत होते. सकाळी तो हिरवा होता.

कापूरहोळ आलं, नसरापूरवरून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली, तरी मी मागे वळून वळून आबांना विचारत होते, "आबा, ऐकू येतंय ना?" पाचव्यांदा आबा म्हणाले, "येतंय. म्हणून सांगतो, आता पुरे."

शाळेसमोर मांडव घातला होता. पांढऱ्या केसांची माणसं ओळीनं येऊन आबांच्या पाया पडत होती आणि आपापला हजेरी क्रमांक सांगत होती. मग भाषणं. मी पहिल्या रांगेत बसून भाषण करणाऱ्याकडे नाही, आबांच्या कानांकडे बघत होते. ऐकू येतंय की नुसतेच हसतायत, काही कळत नव्हतं. शोकसभेतही ते असेच हसले होते.

मारुती नावाचा एक धिप्पाड माणूस बोलायला उभा राहिला. लहानपणी तो शाळा बुडवून गुरं राखायला जायचा. एक दिवस मास्तर स्वतः डोंगरावर आले आणि खडकावर बसून त्याच्याकडून सतराचा पाढा म्हणवून घेतला. "म्या पाडा म्हनत व्हतो," मारुती सांगत होता, आणि त्याचा आवाज जड झाला होता, "आनि आमची म्हैस मास्तरांचं धोतार चगळत व्हती. मास्तर हाललं न्हाईत. म्हनलं, आदी पाडा पुरा कर."

आबांनी हात वर केला.

"मारुत्या, म्हैस नव्हती. रेडा होता."

सगळा मांडव हसला. मारुती डोळे पुसत हसला. मी शनिवारी सकाळी सातला घेतलेला श्वास तेव्हा सोडला.

शेवटी आबा बोलायला उभे राहिले. शाळेबद्दल बोलले, पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांबद्दल बोलले, पोरांची भाषणं शब्दन्‌शब्द ऐकली म्हणाले. मग माझ्याकडे हात केला.

"ही माझी सून. फार व्यवस्थित आहे. आमच्या घरातली एकही वस्तू तिच्या यादीतून सुटत नाही. परवा तिनं माझा कान पडवळाला बांधला होता."

आणि मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोटीस, सह्या, पिशवी, विळा. माझ्या 'किरकोळ: ९' सकट. वीस मिनिटं. जेवणाच्या पंगतीत दोघी-तिघी मला वाकून बघून गेल्या. एकीनं तर वाढता वाढता विचारलं, "त्या पडवळवाल्या तुमीच का?"

आता आबांच्या पलंगामागे पुन्हा दोन वेगवेगळ्या वायरी आहेत. विलासनं दाढीचं जुनं मशीन लपवून ठेवलेलं मला सापडलं, त्याची पिन तिसरीच. मुलगी होस्टेलवरून आणखी एक चार्जर घेऊन आली, तो कशाचा हे तिलाही माहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी कमलवहिनींचा फोन आला. अठराच्या अठरा पडवळं बाजारात हातोहात गेली होती. पट्टीनं आखल्यासारखी सरळ, एकाच लांबीची, एकाच जाडीची. व्यापाऱ्यानं विचारलं म्हणे, कुठल्या कंपनीचं बी? पुढच्या हंगामाला आणखी वीस चार्जर लागतील, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं.

'एक घर, एक वायर' मोहिमेचा अहवाल मी पूर्ण केला आहे. घरातल्या वायरी एकसारख्या झालेल्या नाहीत. पडवळं झाली.